पित्ताची गोळी मेडिकलवर लगेच मिळते, पण ती बंद कधी करायची हे कोण सांगणार?

सकाळची वेळ. नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव, कुठल्याही बाजारपेठेतलं मेडिकल डोळ्यासमोर आणा. शटर नुकतंच वर गेलेलं असतं. पहिलं गिऱ्हाईक येतं, काउंटरवर वीसची नोट ठेवतं आणि म्हणतं,

"दादा, पित्ताची गोळी द्या."

दादा मागच्या खणातून स्ट्रिप काढतात, कात्रीनं दोन गोळ्या कापतात, पाकिटात घालून देतात. गिऱ्हाईक एसटी पकडायला निघून जातं. सगळा कार्यक्रम अर्ध्या मिनिटात उरकतो.

यात कुणाचं काही चुकलं, असं बघणाऱ्याला वाटणार नाही. माणसाची जळजळ थांबते, दुकानदाराचा धंदा होतो. पण तोच माणूस परवा परत येतो, पुढच्या आठवड्यात परत येतो आणि दोन वर्षांनी रोज सकाळी चहाआधी तीच गोळी घेत असतो. ती सुरू कुणी केली, किती दिवसांसाठी केली आणि बंद कधी करायची, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

विषय हाच आहे. पोटाच्या वरच्या भागाच्या तक्रारी, म्हणजे जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं, मळमळ, पोट फुगणं. या तक्रारींचा पहिला दवाखाना आपल्याकडं मेडिकलचं काउंटर हाच असतो. तिथं नेमकं काय घडतं आणि काय घडायला हवं, ते नीट समजून घेऊ.

पित्त म्हणजे नक्की काय?

पहिली गडबड शब्दापासूनच सुरू होते.

मराठीत पित्त हा एक शब्द आपण किमान तीन गोष्टींसाठी वापरतो. छातीत जळजळ झाली की पित्त. अंगावर खाज सुटून लाल गांध्या उठल्या की पित्त. अर्धं डोकं ठणकून उलटी झाली की तेही पित्तच.

पहिल्या प्रकारात पोटातलं आम्ल त्रास देत असतं. दुसरा प्रकार ॲलर्जीचा आणि तिसरा बऱ्याचदा मायग्रेनचा असतो. तिन्हींची औषधं वेगळी. शिवाय डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात तो यकृतात तयार होणारा पाचक रस असतो, त्याचा या आम्लाशी थेट संबंध नाही.

म्हणजे "पित्ताची गोळी द्या" एवढ्या तीन शब्दांवर औषध दिलं तर ते चुकीच्या दुखण्यावर जाऊ शकतं. त्यामुळं काउंटरवर विचारायचा पहिला प्रश्न एकदम साधा आहे, "होतंय काय नेमकं?"

लोक आधी मेडिकललाच का जातात?

२०११ च्या जनगणनेनुसार जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या सहा लाखांच्या वर होती. पूर्वेकडं टोमॅटो, कांदा, ऊस, द्राक्षं. नारायणगावचा टोमॅटो बाजार आणि आळेफाट्याचा कांदा बाजार राज्यभर माहीत आहे. पश्चिमेकडं सह्याद्री, डिंभे आणि माणिकडोहसारखी धरणं आणि आहुपे, घाटघर अशी डोंगरातली आदिवासी गावं.

जुन्नर, नारायणगाव, घोडेगावात ग्रामीण रुग्णालयं आहेत, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही मोफत झाले.

मग अडतं कुठं?

अडतं ते वेळेवर. तोडणीच्या दिवसांत सकाळी लवकर शेतात पोचायचं असतं. ओपीडीच्या रांगेत बसायचं म्हणजे अर्धा दिवस गेला आणि त्याबरोबर मजुरीही गेली. पश्चिम भागातल्या माणसाला तर एसटीच्या वेळा सांभाळून यायचं असतं. मेडिकल रस्त्यावर असतं, रात्रीपर्यंत उघडं असतं, तिथला माणूस ओळखीचा असतो आणि तो तपासणी फी घेत नाही. अशा वेळी जळजळीसाठी माणूस आधी मेडिकलला गेला, तर त्याचं फार चुकलं असं म्हणता येत नाही.

त्रास होण्याची कारणंही दिनक्रमातच आहेत. पहाटे रिकाम्या पोटी चहा, मग दुपारपर्यंत पोटात काही नाही. रात्री उशिरा भरपेट जेवण आणि लगेच अंथरूण. तंबाखू आणि मिसरी. यात्रांच्या दिवसांत जागरण, मटण आणि रस्सा. उपवासाला तळलेला साबुदाणा.

गंमत बघा. याच दोन तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातली महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात. पोटासाठी हिरडा वापरायची परंपरा जुनी आहे आणि इथला हिरडा आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यांपर्यंत जातो. त्याच घरातला माणूस जळजळ झाली की बाजारात येऊन स्ट्रिप कापून घेतो.

स्ट्रिपवरची लाल रेघ काय सांगते?

आता कायद्याचं बघू, कारण इथंच खरा गोंधळ आहे.

औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. या नियमांना जोडलेल्या परिशिष्टांमध्ये औषधांची वर्गवारी आहे. त्यातलं शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची औषधं. अशा स्ट्रिपवर लाल रेघ असते आणि चिठ्ठीशिवाय विकू नये अशा अर्थाची सूचना असते.

पँटोप्राझोलची स्ट्रिप घरात असेल तर आत्ता उलटी करून बघा. ती सूचना दिसेल.

दुसरीकडं साधी अँटासिड औषधं, म्हणजे चघळायच्या गोळ्या आणि गुलाबी-पांढरी पातळ औषधं, यांना चिठ्ठी लागत नाही. इतकंच काय, शेड्यूल के मध्ये घरगुती औषधांची एक यादी आहे. त्यातली औषधं एक हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात औषध विक्रीचा परवाना नसलेल्या दुकानातही ठरावीक अटींवर विकता येतात. त्या यादीत अँटासिड आहे. म्हणजे डोंगरातल्या छोट्या गावात किराणा दुकानात अँटासिड मिळालं तर ते नियमात बसू शकतं. पँटोप्राझोल मिळालं तर ते बसत नाही.

आपल्या कायद्यात 'ओटीसी', म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येणाऱ्या औषधांचा असा स्वतंत्र वर्गच केलेला नाही. त्यामुळं चिठ्ठीविना काय चालतं, काय नाही, हे गिऱ्हाईकाला कुठल्याच फलकावर वाचायला मिळत नाही. त्यात दुकानदार स्ट्रिप कापून देतो. औषधाचं नाव आणि मुदत संपायची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते आणि लाल रेघेची सूचनाही तिथंच राहते. गिऱ्हाईकाच्या हातात नुसत्या दोन गोळ्या येतात.

हा नियम महाराष्ट्रात कडकपणे लावून बघायचा प्रयत्न झालेला आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना चिठ्ठीशिवाय विक्री आणि फार्मासिस्ट हजर नसणं यावर मोठी कारवाई झाली. त्याला औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी विरोध केला आणि २०१३ मध्ये दुकानं बंद ठेवून आंदोलनही केलं. विक्रेत्यांचं म्हणणं होतं की कारवाई जाचक आहे. प्रशासनाचं म्हणणं होतं की कायद्यात जे लिहिलंय तेच करतोय.

दोघांच्या भांडणात गावातल्या माणसाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. डॉक्टर दूर आहे आणि जळजळ आत्ता होतेय, तर करायचं काय?

एका तक्रारीवर चार प्रकारची औषधं

पित्ताची गोळी या नावाखाली साधारण चार प्रकार विकले जातात.

पहिला प्रकार अँटासिड. ही औषधं पोटात असलेलं आम्ल तिथल्या तिथं मारतात. काही मिनिटांत बरं वाटतं, पण परिणाम थोडाच वेळ टिकतो. कधीमधी होणाऱ्या जळजळीला हे पुरतं. फक्त रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या किंवा काही अँटिबायोटिक चालू असतील तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर ती औषधं नीट शोषली जात नाहीत.

याच प्रकारात घरचा खाण्याचा सोडाही येतो. पण एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. ज्यांना बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी रोज सोडा किंवा फसफसणारी पूड पिणं म्हणजे वरून मीठ खाण्यासारखं आहे.

दुसरा प्रकार रॅनिटिडिन आणि फॅमोटिडिन. ही औषधं आम्ल तयार होणं कमी करतात. रॅनिटिडिन एकेकाळी घराघरांत होतं. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए हा कर्करोगाचा धोका असू शकणारा घटक सापडला. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेनं ते बाजारातून काढायला लावलं. भारतात ते २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं गेलं. पण त्याच्यावर बंदी आलेली नाही आणि ते अजून विकलं जातं.

तिसरा प्रकार पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. यांना पीपीआय म्हणतात. पोटाच्या अस्तरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात, ते ही औषधं बंद पाडतात. हे या चारांतलं सगळ्यात ताकदवान औषध. ते नाश्त्याच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायचं असतं आणि पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. जेवणानंतर जळजळ झाली म्हणून पटकन घ्यायची ही गोळीच नव्हे. पण बहुतेक लोक ती तशीच घेतात.

चौथा प्रकार म्हणजे तीच गोळी, पण नावापुढं 'डी' लागलेली. या डी चा अर्थ डॉम्पेरिडोन, म्हणजे उलटी-मळमळ थांबवणारं औषध. हृदयाचे ठोके बिघडण्याच्या धोक्यामुळं युरोपच्या औषध नियामकानं २०१४ मध्ये त्यावर मर्यादा आणल्या. फक्त मळमळ-उलटीसाठी, दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम आणि शक्यतो एक आठवड्याच्या आत. आपल्याकडं हीच कॅप्सूल लोक नुसत्या जळजळीसाठी महिनोन्महिने घेत असतात.

गोळी सोडली की जळजळ वाढते, कारण...

आता मुख्य मुद्दा. "मी गोळी सोडून बघितली, पण दोन दिवसांत दुप्पट जळजळ झाली. म्हणजे मला ती लागतेच," असं म्हणणारा माणूस प्रत्येक घरात सापडेल.

त्याचं म्हणणं खोटं नसतं. त्याला खरंच त्रास होतो. फक्त त्याचं कारण वेगळं असू शकतं.

आपण पंप बंद ठेवले की शरीराला वाटतं आम्ल कमी पडतंय. ते गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं, म्हणजे आम्ल बनवा असा आदेश जोरानं द्यायला लागतं. गोळी चालू असेपर्यंत हा आदेश वाया जातो. गोळी एकदम थांबवली की पंप उघडतात, आदेश मात्र चढलेलाच असतो. मग काही दिवस ते काही आठवडे आम्ल आधीपेक्षा जास्त सुटतं.

डेन्मार्कच्या संशोधकांनी यावर एक प्रयोग केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी १२० अशी माणसं घेतली ज्यांना जळजळीचा त्रासच नव्हता. अर्ध्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिलं आणि मग गुपचूप नकली गोळी सुरू केली. उरलेल्यांना पहिल्यापासून नकलीच गोळी होती. खरी गोळी थांबल्यानंतरच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना आम्लाचा त्रास झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं.

म्हणजे धडधाकट माणसांनाही गोळी सोडल्यावर जळजळ सुरू झाली. आपला माणूस त्याच फेऱ्यात सापडतो. सोडली की त्रास होतो, म्हणून परत सुरू करतो.

मग सोडायची कशी? एकदम न तोडता डॉक्टरच्या सल्ल्यानं कमी करत न्यायची. आधी डोस कमी, मग एक दिवसाआड, मध्ये जळजळ झाली तर साधं अँटासिड. दोन-चार आठवडे कळ काढली की बऱ्याच जणांचं गाडं रुळावर येतं.

वर्षानुवर्षे घेतली तर काय होतं?

घाबरायचं कारण नाही, पण माहीत असायला हवं.

अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व सुटं व्हायला आम्ल लागतं. दीर्घकाळ पीपीआय घेणाऱ्यांत बी-१२ कमी होण्याची शक्यता वाढते. आपल्याकडं माळकरी आणि शाकाहारी घरांत बी-१२ मुळातच कमी असतं. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही बी-१२ कमी करतं. मग हातापायाला मुंग्या, थकवा, चालताना तोल जाणं, आणि वर आपण म्हणतो वय झालं.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१० मध्ये हाडं मोडण्याच्या आणि २०११ मध्ये रक्तातलं मॅग्नेशियम घटण्याच्या धोक्याबद्दल सूचना दिल्या. भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्ये कंपन्यांना पीपीआयच्या माहितीपत्रकात किडनीला अचानक इजा होण्याची शक्यता नोंदवायला सांगितलं. स्टेंट बसवलेल्या ज्यांना क्लोपिडोग्रेल चालू आहे, त्यांनी स्वतःच्या मनानं ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल घेऊ नये. त्यानं क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. काही लोकांना ही गोळी खरंच दीर्घकाळ लागते. अन्ननलिकेला जखम झालेले, अल्सरमधून रक्तस्राव झालेले, हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणारे वयस्कर रुग्ण. त्यांना डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर हा लेख वाचून ती बंद करू नका. ती कशासाठी चालू आहे आणि किती दिवस, एवढं पुढच्या भेटीत विचारा.

आग लावणारी गोळीही त्याच खणात

या भागात हा मुद्दा सगळ्यात जास्त लागू पडतो.

टोमॅटोचा एक क्रेट साधारण २० किलोचा. असे क्रेट दिवसभर उचलायचे, वाकून खुरपणी करायची, कांदा काढायचा. संध्याकाळी कंबर धरते. मग मेडिकलवरून दुखण्याची गोळी येते. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी.

दुखणं ज्या रसायनांमुळं जाणवतं ती या गोळ्या कमी करतात. पण त्याच कुटुंबातली रसायनं पोटाच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करत असतात. तीही कमी होतात. गोळी जेवणावर घेतली तरी हा परिणाम पूर्ण टळत नाही, कारण तो रक्तातून होतो.

आता साखळी बघा. सोमवारी कंबरदुखीची गोळी, बुधवारी जळजळ, गुरुवारी पित्ताची गोळी. दोन्ही गोळ्या एकाच दुकानातून, पण वेगवेगळ्या वेळी घेतल्यामुळं दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही. पित्ताची गोळी मागणाऱ्याला "दुखण्याची काही गोळी चालू आहे का?" एवढं विचारलं तरी कित्येकांचं खरं कारण तिथंच सापडेल.

तिखटाला दोष, जंतू मोकाट

अल्सर तिखटामुळं होतो, असं आपल्याकडं सर्रास मानलं जातं. तिखटानं जळजळ वाढू शकते. पण अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे वर सांगितलेल्या दुखण्याच्या गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू.

ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी या जंतूचा आणि अल्सरचा संबंध दाखवला. लोक ऐकेनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच जंतूचं द्रावण पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

भारतात हा जंतू खूप लोकांच्या पोटात असतो. सगळ्यांना त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांना डॉक्टर अँटिबायोटिक आणि पीपीआयचा साधारण १४ दिवसांचा कोर्स देतात आणि अल्सर परत होण्याची शक्यता खूप कमी होते. पण श्वासाची किंवा शौचाची तपासणी करण्याआधी पीपीआय दोन आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही तपासणीत दिसत नाही. म्हणजे रोज चोरपावलांनी चाललेली गोळी मूळ आजारावर पांघरूणही घालू शकते.

गॅस समजून थांबू नका

आता जी चूक जिवावर बेतू शकते ती. "काही नाही, गॅस धरलाय" म्हणत सोडा पिऊन झोपलेला माणूस सकाळी उठलाच नाही, अशी गोष्ट प्रत्येक गावात ऐकायला मिळते.

हृदयविकाराचा झटका आणि जळजळ दोन्ही छातीतच जाणवतात. छातीवर दाब, वेदना हाताकडं, खांद्याकडं किंवा जबड्याकडं जाणं, दरदरून घाम, धाप, चालल्यावर वाढणारा त्रास. यातलं काहीही असेल तर गोळी मागू नका आणि दुकानदारानं देऊ नये. १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीनं ईसीजीची सोय असलेला दवाखाना गाठायचा. मधुमेही, वयस्कर आणि बायकांमध्ये लक्षणं गुळमुळीत असू शकतात, नुसती मळमळ आणि थकवाही असतो.

खालच्या खुणा असतील तर काही दिवसांत डॉक्टर गाठायलाच हवा, गरज पडली तर दुर्बिणीनं तपासणी म्हणजे एंडोस्कोपी करायला हवी.

– घास अडकणं किंवा गिळताना दुखणं
– कारण नसताना वजन उतरणं
– सतत उलट्या
– रक्त कमी झाल्याचं निघणं
– पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास
– घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेला असणं

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, ते डॉक्टरला सांगा.

जठराच्या कर्करोगातही सुरुवातीला पीपीआयनं बरं वाटू शकतं. म्हणून गोळीनं बरं वाटलं म्हणजे आजार साधाच आहे, असा हिशेब लावता येत नाही.

बाहेरच्या देशात काय करतात?

अमेरिकेत ओमेप्राझोल २००३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. पण पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं, १४ दिवसांचा कोर्स, आणि डॉक्टरला न विचारता चार महिन्यांच्या आत पुन्हा नाही. युरोपात २००९ मध्ये पँटोप्राझोल चिठ्ठीशिवाय द्यायला मान्यता मिळाली ती २० मिलिग्रॅमची, जास्तीत जास्त चार आठवड्यांसाठी. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टर.

आपल्याकडं कागदावर नियम त्यांच्यापेक्षा कडक आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ४० मिलिग्रॅमची गोळी मागितली की मिळते आणि दिवसांची मर्यादा सांगणारं कुणी नसतं. त्यांनी दार उघडलं आणि दारात पाटी लावली. आपण दार बंद असल्याचं लिहून ठेवलं, त्यामुळं पाटी लावायचा प्रश्नच आला नाही.

मग काउंटरवर काय बदलता येईल?

नियमानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच औषध दिलं जायला हवं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत तर रुग्णाला औषधाची माहिती देणं हे फार्मासिस्टच्या कामातच धरलंय. म्हणजे भिंतीवर ज्याचं प्रमाणपत्र लावलंय तो माणूस दुकानात हवा, आणि त्यानं चार प्रश्न विचारायला हवेत.

नेमकं होतंय काय? किती दिवसांपासून? दुसरी कुठली औषधं चालू आहेत? धोक्याची एखादी खूण आहे का?

याला दोन मिनिटं लागतात. उत्तरं साधी असली तर चिठ्ठी न लागणारं अँटासिड द्यायचं, "आठ-पंधरा दिवसांत थांबलं नाही तर दवाखान्यात जा" हे सांगायचं. खूण असली तर गोळी न देता पाठवायचं. गावातल्या दुकानदाराला प्रत्येक घर माहीत असतं. कोण दर आठवड्याला येतंय हे त्याला डॉक्टरच्या आधी कळतं. ही माहिती शहरातल्या ॲपवरून औषध मागवणाऱ्याकडं नसते.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपण काय करायचं?

– पित्त झालंय म्हणू नका, काय होतंय ते सांगा.
– स्ट्रिप कापून घेतली तर औषधाचं नाव आणि मुदत लिहून घ्या किंवा फोटो काढा.
– महिन्यात पुन्हा पुन्हा गोळी लागत असेल तर एकदा डॉक्टरला दाखवा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.
– रात्रीचं जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा. रात्री घशाशी येत असेल तर पलंगाच्या उशाकडची बाजू विटेएवढी उंच करा.
– तंबाखू-मिसरी सोडली तर पोटासकट सगळ्याच शरीराला फायदा आहे.
– औषधाचा दुष्परिणाम झाला असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय टोल फ्री क्रमांकावर कळवता येतं.

घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या उशाशी पँटोप्राझोलची स्ट्रिप कायम पडलेली असेल, तर आज एक प्रश्न विचारा. "आबा, ही गोळी तुम्हाला कुणी दिली आणि किती दिवसांसाठी?"

उत्तर "आठवत नाही" असं आलं, तर पुढच्या वेळी मेडिकलमध्ये जायच्या आधी त्यांना दवाखान्यात घेऊन जा.